जिला आपण हसलो तिच्या निमित्ताने: मुंबईतील जुन्या पंक श्रोत्यांना खुले पत्र

प्रति,
दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी प्रभादेवीला जमणारी मंडळी आणि मुंबईतील इतर सर्व जुने पंक श्रोते

विषय : सोशल डिस्टॉर्शन या अमेरिकन पंक रॉक बँडने आपली जुनी गाणी नव्याने वाजवून 2007 साली काढलेल्या ‘ग्रेटेस्ट हिट्स’ या अल्बमवरून झालेला वाद

सप्रेम नमस्कार.

मागच्या बैठकीत आपल्यापैकी एकाची भाची पहिल्यांदाच आली होती. वय बावीस. आपण तिला एखादे गाणे लावायला सांगितले आणि तिने मोठ्या उत्साहाने आपल्या फोनवरून त्या अल्बममधले ‘बॉल अँड चेन’ लावले. पहिल्या दहा सेकंदांतच खोलीतून तीन आवाज उठले की हे खरे नव्हे, हे बंद कर. तिला काही कळेना, कारण तीन वर्षे ती हेच मुद्रण ऐकत आली होती आणि तिच्या दृष्टीने ‘बॉल अँड चेन’ म्हणजे हेच होते. मग आपण तिला 1990 चे मुद्रण ऐकवले. ते शांतपणे पूर्ण ऐकून तिने विचारले, “हा डेमो आहे का?” डेमो म्हणजे पक्क्या मुद्रणाआधीचा कच्चा नमुना. त्यावर आपण सगळे हसलो. ते हसणे सभ्य नव्हते, आणि त्यात माझा आवाज सर्वांत मोठा होता. पुढच्या दहा मिनिटांत ती, दादरहून विरार फास्ट पकडायची आहे, असे सांगून निघून गेली. रविवारी संध्याकाळी सहा वाजता विरार फास्टची इतकी घाई कोणालाच नसते.

ती गेल्यावर जे बोलणे झाले ते आपल्या सर्वांच्या लक्षात असेलच. कोणी म्हणाले, गाणी धुऊन, इस्त्री करून, घडी घालून ठेवल्यासारखी वाटतात. कॉलेजात ड्रम वाजवणारे आपले मित्र म्हणाले, ठेका इतका काटेकोर आहे की त्यात माणूस उरलेला नाही. कोणी म्हणाले, जुना गिटारवादक डेनिस डॅनेल नाही तर तो बँडच नाही. आणि शेवटी, सर्वांनी माना डोलावल्या असे वाक्य आले, ते असे की हा सगळा पैशाचा मामला आहे आणि पैशासाठी स्वतःची गाणी पुन्हा वाजवणाऱ्याने स्वतःला पंक म्हणवू नये. मीही मान डोलावली. घरी आल्यावर मात्र एकेका वाक्याचा विचार करू लागलो, तेव्हा त्यांतली काही टिकली आणि काही टिकली नाहीत. हे पत्र त्यासाठी आहे, आणि अशीच चर्चा या शहरातल्या इतर खोल्यांतही चालत असणार म्हणून ते खुले आहे.

आधी पैशाचा मुद्दा घेतो, कारण तोच सर्वांत लवकर ढासळतो. सोशल डिस्टॉर्शन हा बँड 1978 मध्ये कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावी माइक नेसने उभा केला. आपल्याला प्रिय असलेला 1990 चा अल्बम एपिक या मोठ्या कंपनीने काढला, आणि अशा करारांची रीत आपल्याला ठाऊक आहे: गाणे लिहिणाऱ्याचा हक्क वेगळा आणि त्या गाण्याच्या मुद्रणाचा, म्हणजे मास्टरचा, हक्क वेगळा. मास्टर कंपनीचा. चित्रपटाला किंवा जाहिरातीला ते गाणे हवे असेल, तर गाण्याच्या हक्कापोटीचे पैसे एकीकडे जातात आणि मुद्रणाच्या हक्कापोटीचे दुसरीकडे. बँडने तेच गाणे पुन्हा वाजवून आपल्या हाती ठेवले आणि गाण्याचा हक्कही बँडकडेच असला, तर मागणाऱ्याला दोन्ही परवानग्या बँडकडूनच घेता येतात. कंपन्यांना हे पक्के माहीत असते. म्हणूनच ठरावीक वर्षे ही गाणी पुन्हा मुद्रित करायची नाहीत, असे कलम करारात घातलेले असते आणि त्याची मुदत संपण्याची वाट पाहावी लागते. 2007 मध्ये ‘टाइम बॉम्ब’ या छोट्या कंपनीकडून निघालेल्या ‘ग्रेटेस्ट हिट्स’मध्ये एपिकच्या काळातली गाणी नव्याने वाजवलेली आहेत, याचा अर्थ एवढा सरळ आहे.

हा बँड एकटा नाही. सुइसायडल टेंडन्सीज या बँडने 1983 चा आपला पहिलावहिला अल्बम 1993 मध्ये जवळजवळ संपूर्ण नव्याने वाजवला. गँग ऑफ फोरच्या चारही मूळ वादकांनी 2005 मध्ये ‘रिटर्न द गिफ्ट’ काढला. ईएमआय या कंपनीकडे असलेल्या जुन्या मुद्रणांतून आपल्या हाती काही येत नाही, हे कारण त्यांनी कधी लपवले नाही. बझकॉक्सने 2011 मध्ये तेच केले.

बझकॉक्सचे नाव आलेच आहे तर एक आठवण करून देतो. या बँडचे पहिले चार गाण्यांचे ‘स्पायरल स्क्रॅच’ हे मुद्रण डिसेंबर 1976 मध्ये मँचेस्टरला एका दिवसात झाले, उसने घेतलेल्या 500 पौंडांत त्याच्या 1,000 प्रती काढल्या गेल्या, आणि त्या त्यांनी जानेवारी 1977 मध्ये स्वतःच्या लेबलखाली विकल्या. आपणच या गोष्टीची पारायणे करतो. कंपनीच्या दारात न जाता आपले मुद्रण आपल्या मालकीचे ठेवणे, ही आपण पंकची थोरवी म्हणून सांगतो. मग तोच माणूस साठीकडे झुकल्यावर त्याच गाण्यांचे मुद्रण पुन्हा आपल्या मालकीचे करून घेतो, तेव्हा तो बाटला असे आपण कोणत्या तोंडाने म्हणतो? आणि पैशाबद्दल बोलायचे तर आपल्या टोळक्याने 1990 च्या त्या अल्बमसाठी बँडला किती पैसे दिले, याचा हिशेब मी मांडून पाहिला. तो शून्य रुपये येतो.

कारण आपला ‘मूळ’ अल्बम म्हणजे काय होते, हे आपण सोयीस्करपणे विसरलो आहोत. 1993 साली आपल्यापैकी एकाच्या आतेभावाने अमेरिकेहून सीडी आणली. त्याने ती एका कॅसेटवर उतरवली. त्या कॅसेटवरून वसतिगृहातल्या सीनियरने दुसरी केली आणि तिच्यावरून माझी तिसरी झाली. प्रत्येक उतरवणीत खरखर थोडी वाढत गेली आणि झांजांचा आवाज थोडा बसत गेला. कॅसेटला कव्हर नव्हते. बॉलपेनने नाव लिहिलेला वहीचा चौकोनी कागद होता आणि त्यात बँडच्या नावाचे स्पेलिंग चुकलेले होते. डेनिस डॅनेल हे नाव मला पुढची पाच वर्षे माहीतच नव्हते. तो कोण, ते कुठल्याही कागदावर लिहिलेले नव्हते. पुढे एकदा काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउस या संगीताच्या दुकानात, त्या छोट्या काचेच्या बूथमध्ये उभा राहून, मी तोच अल्बम सीडीवर ऐकला आणि माझी निराशा झाली, कारण सगळी गाणी मला जड आणि संथ वाटली. दोष सीडीचा नव्हता. वसतिगृहात कॅसेटी उतरवायचा तो डबल डेक किंचित वेगाने फिरायचा, आणि गाण्याचा जो ‘खरा’ वेग माझ्या रक्तात भिनला होता तो त्या डेकच्या मोटरचा होता. ऱ्हिदम हाउस 2016 मध्ये बंद झाले, पण त्या बूथमधली ती चार मिनिटे मला परवा रात्री स्वच्छ आठवली, कारण त्या दिवशी मी अस्सल मुद्रणाबद्दल तेच म्हणालो होतो जे ती मुलगी आपल्यासमोर म्हणाली. फक्त माझ्यावर हसायला तिथे कोणी नव्हते.

याहून जुना दाखला माझ्या घरातला आहे. माझी आजी पूर्वी पुण्यात राहायची आणि 1955-56 मध्ये आकाशवाणी पुणे केंद्रावरून आठवड्याला एक गाणे या हिशेबाने जे गीतरामायण प्रसारित झाले, ते तिने रेडिओसमोर बसून ऐकले होते. गदिमांची ती 56 गाणी त्या वेळी एका गळ्यातून आलेली नव्हती. सुधीर फडक्यांबरोबर माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, ललिता फडके अशी कितीतरी माणसे त्यात गायली. पुढे तबकड्या निघाल्या त्या संपूर्ण बाबूजींच्या आवाजात, आणि आज महाराष्ट्रात गीतरामायण म्हटले की जे कानात वाजते ते हे नंतरचे मुद्रण. आमच्या गिरगावातल्या घरी रामनवमीला ते लागले की आजी मन लावून ऐकायची, डोळे पुसायची आणि शेवटी न चुकता म्हणायची, “पण रेडिओवर हे गाणं बाईनं म्हटलं होतं.” आम्ही नातवंडे तिच्याकडे दुर्लक्ष करायचो, कारण आमच्या लेखी मूळ तेच होते जे आम्ही आधी ऐकले. आजी बरोबर होती. आम्हीही फार चुकीचे नव्हतो. मात्र आमच्या घरात त्यावरून कोणी कोणाला खोलीबाहेर घालवले नाही.

आता टिकलेल्या आक्षेपांकडे येतो, कारण मी हे पत्र नव्या मुद्रणाची वकिली करायला लिहीत नाही. मला स्वतःला 1990 चे ‘बॉल अँड चेन’च अधिक आवडते आणि आवडत राहील. पंकच्या मुद्रणाचा जीव घाईत आणि टंचाईत असतो, हे आपल्या ड्रमर मित्रांचे म्हणणे मला मान्य आहे. रामोन्सचा 1976 चा पहिला अल्बम, चौदा गाणी आणि अर्ध्या तासाहून कमी लांबी, आठवडाभरात आणि सुमारे 6,400 डॉलरमध्ये झाला. अशा वेळी एखादी चूक राहिली तर ती पुसायला ना वेळ असतो ना पैसा, आणि मग ती चूकच गाण्याचा भाग होऊन बसते. चार जण एका खोलीत एकमेकांच्या अंगावर वाजवत असतात, कोरसच्या तोंडाशी ड्रमर थोडा पुढे पळतो, बाकीचे त्याच्या मागे धावतात, आणि आपण ज्याला जोर म्हणतो तो बहुधा या धावण्यातून आलेला असतो. पुढे संगणकावर, कानात क्लिक, म्हणजे ठेक्याची टकटक, घेऊन, एकेक वाद्य वेगवेगळे मुद्रित होऊ लागले तेव्हा हे धावणे आपोआप कमी झाले. त्यातच 2007 च्या आसपासच्या मास्टरिंगमध्ये, म्हणजे मुद्रणावर शेवटचा हात फिरवताना, सगळेच आवाज एका उंचीला दाबून मोठे करण्याची स्पर्धा लागलेली होती. तेव्हा ‘इस्त्री केलेले’ हा शब्द मी मागे घ्यायला सांगणार नाही.

परंतु त्या इस्त्रीखालीही एक गोष्ट आहे, जी आपण त्या दिवशी ऐकू दिली नाही. नेसचा जन्म 1962 चा. 1990 मध्ये हरलेल्या, थकलेल्या माणसाचे ते गाणे गाताना तो जेमतेम अठ्ठावीस वर्षांचा होता, आणि मला आज पन्नाशीत वाटते की तो थकवा त्याने त्या वेळी निम्मा उसना आणला असावा. 2007 मध्ये तो पंचेचाळिशीचा आहे, आवाज खाली उतरलेला आहे, शब्दांच्या कडा झिजलेल्या आहेत, आणि जी ओळ पूर्वी तो ओरडून म्हणत होता तिच्याशी तो आता वाद घालत नाही. बैठकीनंतर घरी मी ते मुद्रण तीनदा ऐकले. पहिल्यांदा चिडलो, दुसऱ्यांदा कंटाळलो, तिसऱ्यांदा दिवा मालवून ऐकत बसलो.

डॅनेलबद्दल मात्र मला काही सौम्य करून सांगता येत नाही. तो नेसचा शाळेपासूनचा मित्र, दुसरी गिटार वाजवणारा, आणि फेब्रुवारी 2000 मध्ये अवघ्या अडतिसाव्या वर्षी गेला. 1990 च्या चौघांपैकी 2007 च्या खोलीत एकटा नेस उरलेला आहे. डॅनेलची जागा घेणारा जॉनी विकरशॅम वाईट वाजवत नाही, उलट अधिक सफाईने वाजवतो, पण डॅनेलचा तो साधा, जाड, न सजवलेला ताल त्या आवाजाच्या भिंतीची वीट होता आणि ती जागा कानाला लागते. मला त्याहून अधिक सलणारी बाब वेगळी आहे. बँडने नवे मुद्रण स्वतःच्या मालकीचे केले याचा मला आनंद आहे. पण श्रोते आणि जाहिरातवाले जसजसे नव्या मुद्रणाकडे सरकतात, तसतसे जुन्या मुद्रणावर वाजवलेल्यांच्या वाट्याला करारानुसार जे काही येत असेल तेही आटत जाते. कंपनीशी हिशेब चुकता करताना जुन्या साथीदारांचा हिशेब मध्येच राहून जातो. ‘पैशाचा मामला’ म्हणायचे तर तो इथे आहे, आणि या बाजूने आपल्यापैकी कोणीच बोलले नाही.

उरतो माझा सर्वांत मोठा आक्षेप, आणि तो नावाबद्दल आहे. ‘ग्रेटेस्ट हिट्स’ हे शब्द वाचून कोणीही समजेल की आत जुनीच मुद्रणे गोळा केलेली आहेत. बझकॉक्सने 2011 च्या अल्बमला ‘अ डिफरंट कॉम्पिलेशन’ असे नाव देऊन निदान हे वेगळे आहे, एवढे तरी मुखपृष्ठावर सांगितले. 2021 पासून टेलर स्विफ्टने आपले जुने अल्बम एकामागून एक नव्याने गायले, तेव्हा प्रत्येकाच्या शीर्षकातच ‘टेलर्स व्हर्जन’ हे शब्द होते, त्यामुळे ज्याला जे हवे ते त्याने डोळे उघडे ठेवून निवडले. फोनवर तर मागचे कव्हर आणि आतला कागद हा प्रकारच नाही. गाण्याचे नाव, बँडचे नाव, अंगठ्याएवढे चित्र, संपले. त्या मुलीला कोणीही फसवले नाही असे कायद्याने म्हणता येईल, पण तिला कोणी सांगितलेही नाही.

मुंबईकरांना हा अनुभव नवा नाही. फोर्टच्या फुटपाथवर मिळणाऱ्या ‘व्हर्जन’ कॅसेटी आठवा. वर नायक-नायिकेचा फोटो, मोठ्या अक्षरांत चित्रपटाचे नाव, आणि घरी जाऊन लावावी तर भलताच गळा. खऱ्या गायकाचे नाव चष्मा लावून शोधावे लागे. माझ्या वडिलांनी अशी एक कॅसेट आणली होती. ती त्यांनी परत केली नाही, फेकली नाही, फक्त तिच्यावर पेनने ‘हे ते नव्हे’ असे लिहून कपाटात ठेवली. आपल्या कॉपीराइट कायद्यात 2012 च्या दुरुस्तीने जे 31 सी हे कलम आले, त्यात मूळ मुद्रणाच्या वर्षानंतर पाच वर्षे उलटल्याशिवाय वैधानिक परवान्याखाली कव्हर मुद्रण करता येत नाही, इतकेच नव्हे तर त्याचे वेष्टन लोकांची दिशाभूल करणारे नसावे, जुन्या कलावंताचे नाव वा चित्र त्यावर नसावे आणि हे या कलमाखालचे मुद्रण आहे असे कव्हरवर लिहावे, असेही बंधन आहे. ते बंधन दुसऱ्याचे गाणे वाजवणाऱ्यासाठी आहे, स्वतःचे गाणे पुन्हा वाजवणाऱ्या बँडला ते लागू नाही, हे मला समजते. तरीही परक्याने जेवढे सांगायचे तेवढे घरच्याने सांगू नये, हे मला विचित्र वाटते.

जाता जाता आपल्याच एका दुटप्पीपणाची नोंद करतो. धोबी तलावच्या रंगभवनात, 1986 मध्ये सुरू झालेल्या इंडिपेन्डन्स रॉक या रॉक महोत्सवाच्या काळात, आपण तासन्‌तास दगडी पायऱ्यांवर बसून कॉलेजांचे बँड ऐकले आहेत. तेव्हा एखाद्या पोराने परदेशी गाण्याचा सोलो कॅसेटबरहुकूम, एकही सूर न बदलता वाजवला की आपण उभे राहून टाळ्या पिटायचो, आणि कोणी त्यात स्वतःचे काही घातले की ‘ओरिजिनलसारखे नाही’ म्हणून ओरडायचो. रंगभवन शांतता क्षेत्रात गेले, पायऱ्या गप्प झाल्या, आपली सवय मात्र गेली नाही.

माझी आपल्याला विनंती अशी. यापुढे कोणतेही गाणे लावताना लावणाऱ्याने मुद्रणाचे वर्ष आणि वाजवणाऱ्यांची नावे सांगावीत. एवढ्याने निम्मे वाद होणारच नाहीत. गाण्याच्या नावापुढे ‘नव्याने मुद्रित’ आणि साल लिहावे, अशी मागणी ज्या ज्या सेवेचे पैसे आपण दरमहा भरतो तिच्याकडे आपण प्रत्येकाने लेखी करावी. मसुदा मी करून ठेवला आहे, सही करायला कोणाचीच ना नसावी. आणि तिच्या मामांनी त्या मुलीला माझ्या वतीने सांगावे की तिचा प्रश्न मूर्खपणाचा नव्हता. 1990 चे ते मुद्रण दबलेले, खोलीत कोंडलेले वाटते, आणि 2007 चे भरीव ऐकून आलेल्या कानाला ते डेमोसारखे वाटावे, यात नवल नाही.

पुढच्या दुसऱ्या रविवारी ती येणार असेल तर दोन्ही मुद्रणे सुरुवातीपासून शेवटपर्यंत, मध्ये कोणी न बोलता, एकामागून एक ऐकावीत असे मी सुचवतो. तिसरी म्हणून मी माझी वसतिगृहातली कॅसेट आणतो, म्हणजे आपण इतकी वर्षे कशाला अस्सल म्हणत आलो तेही तिला ऐकता येईल. पट्टा शाबूत असलेला टेपरेकॉर्डर आपल्यापैकी कोणाकडे असल्यास कृपया आधी कळवावे. माझ्याचा तुटला आहे आणि लॅमिंग्टन रोडला दोन खेपा घालूनही त्या मापाचा मिळालेला नाही.

आपला स्नेहांकित,
वहीच्या कागदावर स्पेलिंग चुकवणारा,
गिरगाव, मुंबई